सोळाशे, शंभर आणि गोळा

महाराष्ट्रातल्या शहर पोलीस दलात शिरण्याचा सर्वांत रुंद दरवाजा म्हणजे पोलीस शिपाई भरती. फौजदार व्हायचे तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जावे लागते. तो वेगळा पंथ आहे आणि त्याचे साधक पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत बसलेले आढळतात. शिपाई भरतीचा उमेदवार बसलेला क्वचितच सापडतो. तो पहाटे रस्त्याच्या कडेने पळत असतो, आणि पळत नसेल तेव्हा जाहिरात कधी येणार हे मोबाइलवर बघत असतो. बारावी पास, वय १८ पूर्ण आणि २८ च्या आत, मागास प्रवर्गांना ३३ पर्यंत सवलत, एवढ्या भांडवलावर या क्षेत्रात उतरता येते. २०२४ च्या भरतीत राज्यभरात १७ हजार ४७१ जागा होत्या आणि अर्ज आले सुमारे १७ लाख ७६ हजार. म्हणजे एका जागेमागे शंभर जण. त्यातला एक पोलीस होतो. उरलेले नव्याण्णव बेकार राहतात असा बाहेरच्यांचा समज असतो, पण तो चुकीचा आहे. ते भरती करत राहतात.

भरती करणे हा ग्रामीण महाराष्ट्रात एक मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. "पोरगं काय करतंय?" या प्रश्नाला "भरतीचं करतंय" हे उत्तर बीडपासून भंडाऱ्यापर्यंत कुठेही चालते आणि ऐकणारा पगार किती हे न विचारता मैदानी चाचणीविषयी "ग्राउंड कसं आहे?" असे विचारतो. या व्यवसायाला गणवेश आहे, तो म्हणजे पाठीवर अकॅडमीचे नाव छापलेला टी-शर्ट. कामाची वेळ आहे, ती पहाटे साडेचारची. सेवाज्येष्ठताही आहे. नुकताच आलेला तो नवीन पोरगा. मागच्या खेपेला दोन मार्कांनी गेलेला तो सीनियर. ज्याचे नाव वेटिंगला लागून गेले तो जवळपास वरिष्ठ अधिकारी. त्याच्या शेजारी बसून नवी पोरे जेवतात आणि त्याचे ताट आपणहून धुतात. वयाची अट उलटली की सक्तीची निवृत्ती येते. निवृत्त माणूस बहुधा स्वतःची अकॅडमी काढतो.

सगळ्याची सुरुवात जाहिरातीने होते असे नियमात म्हटले आहे. प्रत्यक्षात ती अफवेने होते. आधी मंत्री सभेत घोषणा करतात. मग मंत्रिमंडळाची मंजुरी, मग शासन निर्णय, मग बिंदुनामावलीची, म्हणजे आरक्षणनिहाय जागांच्या यादीची तपासणी, मग प्रसिद्धी. या प्रत्येक टप्प्यावर भरती निघाली असे समजून गावात एकदा पेढे होतात आणि धावण्याचे अंतर वाढवले जाते. यूट्यूबवरचे सर लोक यातल्या प्रत्येक टप्प्याला 'आनंदाची बातमी' म्हणतात. आनंदाची बातमी सलग दीड वर्ष येत राहिली तरी तिला कंटाळणारा उमेदवार अजून जन्माला यायचा आहे.

जाहिरात खरोखरच आली की घटक निवडायचा. घटक म्हणजे ज्या आयुक्तालयासाठी किंवा जिल्ह्यासाठी अर्ज करायचा ते ठिकाण. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे ही जुनी आयुक्तालये. पिंपरी-चिंचवड २०१८ मधले आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार २०२० मधले. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो, त्यामुळे निवड चुकली की वर्ष गेले. इथे उमेदवार जो विचार करतो तो बुद्धिबळपटूंनाही जमणार नाही. २०२२ च्या भरतीत एकट्या मुंबई शहरात शिपायांच्या ७ हजार ७६ जागा होत्या. इतक्या जागा म्हटल्यावर मेरिट खाली येणार, म्हणून मुंबईला अर्ज भरावा, असे एक जण ठरवतो. सगळेच असे ठरवणार, म्हणून आपण एखादा छोटा जिल्हा धरावा, असे दुसरा ठरवतो. हा दुसरा स्वतःला हुशार समजतो आणि त्याच्यासारखे हुशार पुरेसे असल्यामुळे त्या छोट्या जिल्ह्याचा कट ऑफ मुंबईच्या वर जाऊन बसतो. मुंबईत राहायचे कुठे, हा प्रश्न या टप्प्यावर कोणीच विचारात घेत नाही.

अर्ज ऑनलाइन असतो, म्हणजे तो गावातल्या महा ई-सेवा केंद्रात भरला जातो. खुल्या प्रवर्गाला ४५० रुपये आणि मागास प्रवर्गाला ३५० रुपये शुल्क, शिवाय केंद्रचालकाचे वेगळे. फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवणे ही केंद्रचालकाची कला असते. तीत उमेदवाराचा चेहरा ओळखू येईल इतपत शिल्लक राहावा एवढीच अपेक्षा. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो. तो बसणार हे सर्वांना माहीत असते आणि तरीही बहुसंख्य अर्ज शेवटच्या दिवशीच भरले जातात, कारण मुदतवाढ मिळणार हेही माहीत असते.

कागदपत्रांचा भाग मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर ही नेहमीची मंडळी. त्यांच्या जोडीला समांतर आरक्षण येते: महिला, खेळाडू, माजी सैनिक, होमगार्ड, पोलीस पाल्य, अंशकालीन पदवीधर, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अनाथ. धरणात आजोबांची जमीन गेली तेव्हा अख्खे घर रडले होते. नातवाच्या हातात प्रकल्पग्रस्ताचा दाखला आल्यावर त्याच धरणाकडे घरात जरा वेगळ्या नजरेने पाहिले जाते. २०२२ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितल्यावर अर्जात तृतीयपंथीयांसाठीही रकाना आला, आणि सरकारी अर्जातला एखादा नवा रकाना उपयोगाचा असू शकतो हे सिद्ध झाले. या सगळ्या गठ्ठ्यात एक लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र असते. दोनपेक्षा अधिक अपत्ये असू नयेत हा राज्य शासनाच्या नोकरीचा २००५ पासूनचा नियम आहे. अठरा वर्षांचा, मिसरूड नुकतेच फुटलेला उमेदवार तहसील कचेरीच्या बाहेर टायपिस्टच्या टेबलाला टेकून सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मला हयात अपत्ये शून्य आहेत. सोबत आलेले वडील कागद वाचतात, मुलाकडे पाहतात आणि काही न बोलता चहा प्यायला जातात.

यानंतर शरीर. पुरुषांना उंची किमान १६५ सेंटिमीटर, महिलांना १५५. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून आणखी ५. माणसाची उंची सकाळी थोडी जास्त आणि दिवसभर उभे राहिल्यावर थोडी कमी भरते, हे शास्त्र शाळेत कोणी शिकवत नाही. भरतीच्या पोरांना ते तोंडपाठ असते. ज्याची उंची काठावर आहे तो मोजणीच्या आदल्या दिवशी शक्यतो उभाच राहत नाही. एसटीत तो मागच्या लांब बाकावर आडवा होतो आणि कंडक्टरने उठवले तर "काका, उंची मोजायची आहे" एवढेच म्हणतो. कंडक्टरलाही एखादा भाचा असतोच, तो पुढे सरकतो. लोंबकळण्यासाठी आंब्याची फांदी, सिंगल बार आणि शाळेच्या दाराची चौकट वापरली जाते; त्यातून हात लांब होतात असा अनुभव आहे. तेलंगणातल्या भरतीत एका उमेदवार महिलेने उंची वाढावी म्हणून केसांखाली मेण थापले होते आणि मोजणीयंत्राने ते ओळखले, अशी बातमी २०२२ च्या डिसेंबरात आली. महाराष्ट्रातल्या अकॅडम्यांत त्या दिवशी या बातमीचा निषेध झाला आणि नंतर मेण कोणते होते याची चौकशीही झाली.

छातीचा प्रश्न उलटा असतो. ७९ भरणे सोपे, पण वरचे ५ येईनात. म्हणून पहिल्या मापाच्या वेळी आत राहिलेला सगळा श्वास सोडून माणूस इतका रिकामा व्हायचा की मोजणाऱ्याला त्याची दया यावी, आणि दुसऱ्या मापाला मैदानावरची सगळी हवा आत घ्यायची. हा सराव घरात आरशासमोर चालतो. काही महिन्यांनी अशी सवय लागते की टेप दिसली की छाती आपोआप फुगते. अशा मुलाला लग्नाचा कोट शिवायला नेऊ नये.

शरीर असले तरी ते तयार करावे लागते आणि तयार करण्याची जागा म्हणजे अकॅडमी. सरकारी पोलीस अकादमी ही निवडीनंतरची गोष्ट. तिच्याआधी ही खासगी अकॅडमी येते. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडपासून बाजार समितीपर्यंत चालत गेले तर वाटेत किमान दोन लागतात. नावात एखादा किल्ला, पक्षी किंवा वाघ असतो. संचालकांना सगळे सर म्हणतात. ते माजी सैनिक असतात, नाहीतर वर सांगितलेल्या निवृत्त वर्गातले. फलकावर 'निवासी सोय, उत्तम भोजन, मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृह, प्रशस्त मैदान' असे लिहिलेले असते. प्रशस्त मैदान म्हणजे उसाचा खोडवा मोडून सपाट केलेले अर्धा एकर रान. पाऊस झाला की त्यात पळताना प्रत्येक पावलाला पाव किलो काळी माती बुटाला चिकटते आणि सर म्हणतात, "असल्या मातीत पळालास तर पुण्याच्या ग्राउंडवर उडशील." यात तथ्यही आहे.

अकॅडमीची खरी मालमत्ता म्हणजे तिचा फ्लेक्स. त्यावर निवड झालेल्या विद्यार्थ्यांचे पासपोर्ट फोटो रांगांनी मांडलेले असतात आणि मध्ये सर हात जोडून उभे असतात. एकच मुलगा तीन अकॅडम्यांच्या फ्लेक्सवर झळकतो. पहिलीत तो आठ महिने राहिलेला असतो, दुसरीत त्याने सराव पेपर सोडवलेले असतात आणि तिसरीत तो फक्त फी विचारायला गेला होता.

दिनक्रम असा: साडेचारला शिट्टी, पाचला हजेरी, त्यानंतर धावणे. परत आल्यावर भिजवलेले हरभरे, मोड आलेली मटकी, गूळ-शेंगदाणे आणि केळे. केळे धावण्याआधी खावे की नंतर यावर दोन तट असतात आणि ते एकमेकांच्या खोलीत जात नाहीत. बुधवारी अंडी, रविवारी चिकन. चिकनच्या रश्शाविषयी तक्रार केली तर सर विचारतात, "सोळाशे मीटरला पाच चाळीस आलं का तुझं टायमिंग?" आणि तक्रार तिथेच मिटते. दहा ते एक लेक्चर. गणिताचे सर प्रत्येक गणिताला ट्रिक देतात. परीक्षेच्या दिवशी दोनशे ट्रिका पाठ असतात, फक्त कोणती ट्रिक कोणत्या गणिताची हे आठवत नाही. संध्याकाळी गोळा, रात्री नाइट स्टडी. नाइट स्टडीत झोपणाऱ्याला उभे राहून वाचण्याची शिक्षा असते. उभ्याने झोपण्याची कला इथेच आत्मसात होते आणि अकॅडमीत शिकलेल्या गोष्टींपैकी नोकरीत सर्वांत जास्त काळ हीच टिकते, असे जाणकार सांगतात.

ज्यांना अकॅडमी परवडत नाही ते रस्त्यावर तयारी करतात. राज्य मार्गाच्या कडेला पांढऱ्या रंगाने 'शून्य' आणि 'सोळाशे' अशा खुणा केलेल्या दिसल्या की त्या बांधकाम खात्याच्या नव्हेत हे ओळखावे. पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या, दुधाच्या गाड्या आणि कुत्री यांच्यामधून हे धावणे होते. यातली कुत्री टायमिंग सुधारतात. मुलींची तयारी आणखी अवघड. महिलांना ३० टक्के जागा राखीव असल्या तरी गावातला रस्ता राखीव नसतो. म्हणून पुढे मुलगी पळते आणि मागे भाऊ किंवा वडील मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये चालवत येतात. सुरुवातीला कट्ट्यावरची माणसे नावे ठेवतात. मुलीचे ८०० मीटर तीन मिनिटांच्या आत आले की तीच माणसे मोबाइलमधले स्टॉपवॉच घेऊन बसतात आणि 'आज कमी पडली' वगैरे मते देतात. एका पेट्रोलच्या टाकीत साधारण किती सोळाशे बसतात हा हिशोब अशा घरांत तोंडपाठ असतो.

मैदानी चाचणीला ग्राउंड म्हणतात आणि ती ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत संपवले तर पैकीच्या पैकी. मग वीस-वीस सेकंदांना गुण गळत जातात. १०० मीटर साडेअकरा सेकंदांत आणि ७.२६० किलोचा गोळा साडेआठ मीटरवर. महिलांना ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंद, १०० मीटर १४ सेकंद आणि ४ किलोचा गोळा ६ मीटर. पैकीच्या पैकी मिळवण्याला पोरे 'आऊट ऑफ' म्हणतात. "माझा गोळा आऊट ऑफ आहे" हे वाक्य ऐकून परक्या माणसाला गोळा हरवला असे वाटते.

तिन्हींत गोळा हा सर्वांत खोटा मित्र. धावण्यात माणूस दमतो, पण काय चुकले ते कळते. गोळ्यात कळत नाही. तो मानेला लावायचा, कोपर वर, गुडघ्यातून उठायचे, कमरेतून वळायचे आणि फेकून झाल्यावर रिंगच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर यायचे. साडेआठ मीटरच्या पलीकडे गोळा पडला की आनंदाने पुढच्या बाजूने उडी मारणारे पुष्कळ असतात, तो फाऊल. अंगाने दांडगा, घरी पोती उचलणारा गडी साडेसहावर अडकतो आणि बारका पोरगा हातावर माती चोळून, ओठ दाबून नऊला टाकतो. सर दांडग्याला सांगतात, "ताकद लावू नको, टेक्निक लाव." तो टेक्निक लावतो आणि सहावर येतो.

ग्राउंड कुठे आहे त्यावर पुढचा प्रवास ठरतो. पुण्याचे शिवाजीनगरच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर, मुंबईचे नायगाव, मरोळ, कलिना अशा ठिकाणी. पहाटे पाचला हजर राहा असे प्रवेशपत्रावर असते. पहाटे पाचला हजर राहायचे तर आदल्या रात्री पोचावे लागते, आणि लॉज परवडत नाही. म्हणून ग्राउंडच्या दिवसांत मैदानाभोवतीच्या फुटपाथवर, फलाटावर, पुलाखाली पाठीवरच्या पिशवीला उशी करून रांगेने पोरे झोपलेली दिसतात. ज्या शहरात पुढे फुटपाथवरून लोकांना उठवण्याचे काम करायचे, तिथली पहिली ओळख अशी होते. रात्री दोनदा गस्तीवरचे पोलीस येतात. झोपलेल्यांपैकी कोणी दचकून उभा राहिला तर ते म्हणतात, "झोप, झोप. पळायचंय उद्या." तेही कधीतरी असेच झोपलेले असतात.

या भागात हसण्यासारखे नसलेलेही एक आहे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटरच्या धावण्यात काही उमेदवारांचे जीव गेले. त्यानंतर अंतर कमी होत गेले. उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात चिखल, असे असतानाही ग्राउंडची तारीख हवामान खात्याला विचारून ठरवण्याची प्रथा पडलेली नाही. २०२४ चे ग्राउंड १९ जूनला सुरू झाले, म्हणजे नेमके मृगात.

पूर्वी हातातल्या स्टॉपवॉचवर वेळ घेत आणि भांडणे होत. आता छातीवर क्रमांक, अंगावर आरएफआयडी चिप आणि चारही बाजूंना कॅमेरे असतात. वेळ यंत्रच सांगते. यंत्राशी हुज्जत घालता येत नाही, तरी काही पालक कुंपणाबाहेरून प्रयत्न करतात.

ग्राउंडला निम्मे तरी गुण मिळाले पाहिजेत, आणि त्यांतून एका जागेमागे दहा जण या प्रमाणात लेखीला बोलावतात. हा क्रम कायमचा नाही. २०१९ मध्ये नियम बदलून लेखी आधी आणि ग्राउंड नंतर केले, २०२२ मध्ये पुन्हा ग्राउंड आधी आले. दरम्यान पळणाऱ्या पोरांनी बूट माळ्यावर टाकून व्याकरणाची पुस्तके घेतली होती आणि अभ्यासू पोरांनी उलटे. अकॅडम्यांनी फलकावर फक्त ओळींची अदलाबदल केली.

लेखी परीक्षा १०० गुणांची, ९० मिनिटांची. गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. सामान्य ज्ञानात कळसूबाईची उंची येते, आणि १६४६ मीटर हा आकडा अशा लाखो लोकांना पाठ आहे ज्यांनी कळसूबाई पाहिलेली नाही. गणितात एक नळ टाकी सहा तासांत भरतो आणि दुसरा आठ तासांत रिकामी करतो. लातूरच्या उमेदवाराला नळ सलग सहा तास चालतो हेच आधी पटत नाही, त्यामुळे त्याचे एक मिनिट तिथेच जाते. बुद्धिमत्ता चाचणीत सुरेश नावाचा गृहस्थ एका मुलीच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणतो, "ही माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाची मुलगी." बहीण आहे असे सरळ सांगण्याची सुरेशच्या घरात पद्धत नाही. अशा प्रश्नांचा पोलिसी कामाशी काय संबंध, असा आक्षेप घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी कधी पोलीस ठाण्यात बसून फिर्याद ऐकलेली नसावी. भांडण कोणाशी झाले हे सांगताना फिर्यादी नेमका असाच बोलतो आणि मध्ये दोन चुलत सासरेही आणतो. व्याकरणाचे मात्र समर्थन करणे कठीण आहे. कर्मणी आणि भावे प्रयोगांतला फरक चार वर्षे घोकून आलेला माणूस पुढे 'सदर इसम हा मिळून आल्याने त्यास नमूद ठिकाणी ताब्यात घेऊन' असे लिहू लागतो. या वाक्यात कोणता प्रयोग, हे विचारण्याचे धाडस अजून एकाही प्रश्नपत्रिकेने केलेले नाही.

नकली उमेदवार, कानातली यंत्रे हे प्रकार इथेही होतात. २०२१ च्या नोव्हेंबरात पिंपरी-चिंचवडच्या भरतीत एका उमेदवाराच्या करोनाच्या मास्कमध्ये सिमकार्ड, बॅटरी आणि माईक शिवलेले सापडले. परीक्षा पोलिसांची, पहारा पोलिसांचा, झडती घेणारे पोलीस, आणि तिथे कॉपीचे यंत्र तोंडाला बांधून यायचे. धाडस ही पात्रता असती तर त्याची निवड तिथेच व्हायला हरकत नव्हती.

दोन्हींची बेरीज १५० पैकी होते आणि निवड यादी लागते. यादी पीडीएफमध्ये असते व ती उघडत नाही. ज्याचे नाव येते त्याची गावात गुलाल उधळून मिरवणूक निघते. अलीकडे जेसीबीच्या खोऱ्यातून फुले पडतात. त्यानंतर वैद्यकीय तपासणी. सपाट तळवे, एकमेकांना लागणारे गुडघे, रंगांधळेपणा हे दोष इथे निघतात, म्हणजे चार वर्षे ज्या पायांनी पळाला ते पाय पळण्याजोगे नाहीत हे डॉक्टर आता सांगतात. मग चारित्र्य पडताळणी. गावच्या ठाण्यातला हवालदार घरी येऊन मुलगा कसा आहे ते विचारतो. शेजारच्यांशी बांधाचे भांडण असले तरी शेजारी या दिवशी चांगलेच बोलतात, कारण आता बोलून ठेवलेले पुढे उपयोगी पडेल हे त्यांनाही समजते. ज्याचे नाव एखाद्या रास्ता रोकोच्या गुन्ह्यात आले असेल त्याची मात्र झोप उडते, आणि ज्या पुढाऱ्यासाठी तो रस्त्यावर बसला होता त्याचा फोन नेमका त्याच आठवड्यात लागत नाही.

निवड झालेला आता 'नवप्रविष्ट पोलीस शिपाई' होतो. राज्यातली मुख्य पोलीस अकादमी नाशिकला आहे. ती १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. तिथे फौजदार घडतात आणि सर्वोत्तम ठरणाऱ्याला मानाची तलवार मिळते. शिपायांसाठी पोलीस प्रशिक्षण केंद्रे वेगळी आहेत: मरोळ, खंडाळा, जालना, सोलापूर, अकोला, नागपूर वगैरे. मूलभूत प्रशिक्षण साधारण नऊ महिन्यांचे असते आणि त्याचे आंतरवर्ग व बाह्यवर्ग असे दोन भाग पडतात. तिथे जाण्याच्या तयारीत ट्रंक, बादली, मच्छरदाणी, पांढरी बनियन आणि कुलपे येतात. ट्रंकेवर नाव रंगवून घेण्याचे काम गावचा पेंटर फुकट करतो. आई लाडूंचा डबा देते. तो पहिल्या रात्री बराकीत उघडला जातो आणि दुसऱ्या दिवशी आई आणखी पाठवेल का, अशी विचारणा अनोळखी माणसांकडून होते.

पहिल्याच दिवशी केस कापतात. वर्षानुवर्षे साडेचारला उठण्याचा अभिमान बाळगणाऱ्याला इथे कळते की साडेचारला उठणे म्हणजे उशीर. धावणे कोणाला जड जात नाही, जड जाते ती कवायत. सोळाशे मीटर एकट्याने जीव तोडून पळालेला माणूस आता शंभर जणांबरोबर एकाच वेळी डावा पाय उचलायला शिकतो आणि पहिला महिनाभर उजवाच उचलतो. आंतरवर्गात कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने खुनाचे कलम ३०२ चे १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० गेले. सिनेमा पाहून जेवढा कायदा येत होता तेवढाही आता उपयोगाचा राहिला नाही. शिकवणाऱ्यांचीही पंचाईत आहे, कारण नवा आकडा सांगताना तोंडातून आधी जुनाच येतो.

शेवटी दीक्षांत संचलन होते आणि त्याला घरची मंडळी येतात. आत्तापर्यंत अर्जावर, बुटांवर, खुराकावर आणि पेट्रोलवर झालेला खर्च वडील पहिल्यांदाच कोणाला तरी मोठ्याने सांगतात. त्यानंतर नेमणूक होते ती थेट पोलीस ठाण्यात नव्हे. आधी मुख्यालय किंवा सशस्त्र विभाग, तिथून गार्ड, कैदी पार्टी, सभा, मोर्चे, गणपतीचा बंदोबस्त. मुंबईत आलेल्याला सरकारी खोली लगेच मिळत नाही आणि भाडे परवडेल अशी खोली बदलापूरच्या अलीकडे सापडत नाही. पहाटेची लोकल पकडताना शंभर मीटरचा सराव कामी येतो, पण साडेअकरा सेकंदांत डब्यात चढणाऱ्यालाही कल्याणपर्यंत बसायला जागा मिळाल्याचे कोणी सांगत नाही.